राणीचा मुक्काम

पांढरा टेबलक्लॉथ घरात आला तेव्हाच वहिनींच्या कपाळावर आठी पडली होती, पण त्या काही बोलल्या नाहीत. धाकट्या भाऊजींच्या बाबतीत त्या वर्षभर जीभ आवरूनच होत्या. भाऊजी शहरातल्या बड्या हॉटेलातली नोकरी सोडून, बायको आणि दोन मुलींना घेऊन शेतावर परत आले, त्या दिवसापासून जिन्यावर पुन्हा पाय वाजू लागले होते, सकाळी आंघोळीच्या नंबरावरून भांडणं होत होती. वहिनींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. एवढ्या सुखापुढे एका टेबलक्लॉथचं काय घेऊन बसायचं? त्यांनी तो झटकला आणि टेबलावर पसरला.

पण हात जड झाले, हेही खरं. ते टेबल म्हणजे घराची शान होती. स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत पोचणारं, सासऱ्यांनी स्वतः तासून केलेलं. घरचा नियमही त्यांनीच घालून दिला होता. रात्री या छपराखाली जो झोपला, त्याने सकाळी याच टेबलाशी घरच्यांबरोबर बसून खायचं. पुढे किल्ला बघायला येणाऱ्यांना वहिनी वरच्या खोल्या द्यायला लागल्या, तेव्हाही तो नियम मोडला नाही. कुणी न्याहारी खोलीत मागितली तर त्या म्हणायच्या, खाली या, पाव गरम आहे. आणि पावाचा वास असा काही वर चढायचा की माणूस मुकाट्याने जिना उतरायचा.

भाऊजींना मात्र टेबल जुनाट वाटत होतं. त्याच्या कडेवर सगळीकडे कोरल्याच्या खाचा होत्या. त्या लोकांच्या नजरेला कशाला पडू द्यायच्या, असं त्यांचं म्हणणं. शिवाय या वेळचे पाहुणे नेहमीचे नव्हते. ऐतिहासिक ठिकाणांच्या सहली काढणाऱ्या एका कंपनीच्या बाई मुक्कामाला येणार होत्या. जागा त्यांच्या मनात भरली, तर किल्ला आणि पडका राजवाडा बघायला निघालेली त्यांची प्रत्येक गाडी इथेच उतरणार होती. नाही भरली, तर भाऊजी एक तारखेपासून पुन्हा हॉटेलात रुजू होणार होते. तसा शब्दच त्यांनी तिकडे दिला होता. व्हरांड्यातली लोखंडी ट्रंक धाकट्या जावेने आधीच अर्धी भरून ठेवली होती. येता-जाता वहिनींचा डोळा त्या ट्रंकेवर पडायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाईंनी फोनवर विचारलं, की तुमच्या घराला काही इतिहास आहे का? आणि भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, की आहे ना, राणी आमच्याकडेच थांबली होती.

आता ही राणी म्हणजे त्या भागातली सगळ्यांच्या जिव्हाळ्याची बाब. किल्ला शत्रूच्या हाती जायच्या रात्री ती चोरवाटेने खाली उतरली, पायथ्याच्या एका शेतकऱ्याच्या घरी थांबली आणि कुणाच्या हाती न लागता निघून गेली. कुणाच्या घरी थांबली, ते कुणालाच माहीत नाही. त्यामुळे पायथ्याच्या झाडून सगळ्या घरांत ती थांबून गेली आहे. एवढं एकच घर काय ते तिच्यावाचून राहिलं होतं, कारण ते आजेसासऱ्यांनी बांधलं होतं आणि तोपर्यंत राणीला जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. भाऊजींनी ती उणीव भरून काढली. वरच्या मोठ्या खोलीच्या दारावर त्यांनी लाकडी पाटी ठोकली, 'राणीची खोली'.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नणंदबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, घरात सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. पाटी वाचून त्या खाली आल्या त्या चष्मा पुसतच, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला की कुणाचं तरी काही खरं नसे.

"म्हणजे आपण खोटं बोलणार," त्या म्हणाल्या.

"ताई, इथे सगळेच बोलतात," भाऊजी म्हणाले.

"सगळ्या मुली कॉपी करतात म्हणून मी करू देते का?"

धाकटी जाऊ मान खाली घालून मुलींच्या वेण्या घालत होती. तिलाही हे पटलेलं नव्हतं, पण ती नवऱ्याच्या बाजूने बोलली. मुली इथे रमल्यात, एवढंच म्हणाली. मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. खोट्याची चीड असलेली घरात एकच बाई, असा त्यांचा लौकिक होता. मास्तरीणबाई तर निकाल आपल्याच बाजूने लागणार अशा थाटात बसल्या होत्या. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "दोन दिवसांसाठी चार माणसांना एक गोष्ट सांगितली, तर कुणाचं काय जातंय?"

दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, ताटातून मान वर करून बायकोकडे जरा वेळ पाहिलं आणि ते उठून गोठ्यात गेले. दादा बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी होते. पण त्यांनी असं बघितलं की वहिनींना चार शब्द ऐकल्यासारखं वाटायचं.

बाई आल्या त्या एका निवृत्त जजसाहेबांना आणि त्यांच्या पत्नीला बरोबर घेऊन. ही दोघं कंपनीची जुनी गिऱ्हाइकं, नवी जागा त्यांना आवडली की मग इतरांना दाखवायची, अशी बाईंची पद्धत. बाई कमी बोलणाऱ्या, चपळ, चादरीचा कोपरा उचलून खालची गादी बघणाऱ्या होत्या. वहिनींना त्या बघताक्षणी आवडल्या. जजसाहेबांचा मात्र सगळा जन्म लोकांना प्रश्न विचारण्यात गेला होता आणि खुर्ची सुटली तरी सवय सुटली नव्हती. दुपारी किल्ला बघून आल्यावर संध्याकाळी त्यांनी घरातल्या एकेकाला गाठून राणीबद्दल विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं.

आणि इथेच घराचं नडलं. दुसऱ्या कुठल्या घराने खोटं बोलायचं ठरवलं असतं, तर आधी चार माणसांनी बसून ते नीट जुळवून घेतलं असतं. या घरात कुणी दुसऱ्याने रचलेली गोष्ट जशीच्या तशी सांगेल, तर शपथ. प्रत्येकाला वाटत होतं की सांगायचीच आहे, तर निदान चांगली सांगावी.

भाऊजींनी राणीला घोड्यावरून आणलं आणि तलवार उशाशी देऊन गाढ झोपवलं. धाकटीने तिच्या पदरात तान्हं बाळ दिलं, राणीला अंगाई म्हणायला लावली, आणि सांगता सांगता तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. मास्तरीणबाई काही सांगणार नव्हत्या. पण जजसाहेब सहज म्हणाले, की नाल्यापलीकडच्या शेतावरही राणी थांबली होती असं तिथले लोक सांगतात. झालं. नाल्यापलीकडचे लोक आपली राणी पळवतात म्हणजे काय? त्यांनी चष्मा सावरला आणि राणी तेव्हा साठीची होती, वेष पालटून पायी आली होती, अमुक कारणासाठी तमुक वाटेने आली होती, असा भरगच्च तास घेतला. गोठ्यात दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी गोठ्यात असतो. वरचं मला काही माहीत नाही." आणि धार काढत राहिले.

वहिनींना कंपनीच्या बाईंनीच विचारलं, वरच्या खोलीत अंथरूण घालताना. वहिनींनी उशीचा अभ्रा चढवला, कोपरे नीट केले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "झोपली कुठली हो? डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाव आणि लोणी खाल्लं तिने, आणि निघाली." बोलताना त्यांना ती दिसलीसुद्धा, धुळीने भरलेली, हातात पावाचा तुकडा घेतलेली. जिना उतरताना मात्र त्यांचे कान तापले होते. खोटं बोलल्याचं एक वेळ ठीक होतं. पण त्यात आपल्याला मजा आली, हे त्यांना अजिबात ठीक वाटलं नाही.

सकाळी ऊन थेट टेबलावर येत होतं. खिडकीतून किल्ल्याची पूर्वेकडची भिंत दिसत होती, उंच आणि सरळ. पांढऱ्या कापडावर पाव, लोणी, उकडलेली अंडी, मध आणि दुधाचं मोठं भांडं मांडलं होतं. जजसाहेबांनी पावाचा पहिला तुकडा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि वहिनींकडे पाहून मान हलवली. वहिनींना वाटलं, जमलं. आता ट्रंक रिकामी होणार.

मग जजसाहेबांनी बोटं पुसली. "सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "माझी फक्त एक छोटी अडचण आहे. राणी घोड्यावरून आली आणि पायीही आली. ती तान्ह्या बाळाची आई होती आणि साठीचीही होती. ती तलवार उशाशी घेऊन गाढ झोपली, आणि तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाव मात्र खाल्ला असेल. तेवढं मी मान्य करतो."

"अहो, निवृत्त झालात ना तुम्ही," त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते काहीतरी जुळवायला लागले, की दोन राण्या होत्या, थोरली आणि धाकटी, पण वाक्य अर्ध्यावरच सोडून दिलं. मास्तरीणबाई ताटातल्या अंड्याकडे असं बघत होत्या की जणू आयुष्यात पहिल्यांदाच अंडं पाहिलं. कंपनीच्या बाई कुणाकडेच न बघता पावाला लोणी लावत होत्या.

दारातून व्हरांड्यातली ट्रंक दिसत होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. अजूनही सावरून घेता आलं असतं. गावोगावी सांगतात तशा गोष्टी, साहेब, असं म्हणून हसता आलं असतं आणि सगळे हसले असते. पण काल संध्याकाळपासून जे टोचत होतं ते आता वर आलं. या टेबलाशी कितीतरी माणसं पोटभर खाऊन गेली होती. त्यांनी नावाजलेलं वहिनींना पुरलं नाही म्हणून त्यांनी आपला पाव एका राणीच्या तोंडात घातला होता. सासऱ्यांच्या टेबलाला राणीची शिफारस लागावी? वहिनींना स्वतःचा राग आला, आणि त्या उभ्या राहिल्या.

"राणी इथे आली नव्हती, साहेब," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे खोटं बोललो. आणि धड ठरवूनही बोललो नाही, कारण या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही."

"वहिनी," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले. "अहो, सगळं जाईल."

"जाऊ दे. जरा कपबशा उचला."

भाऊजी हलले नाहीत. आधी उठली ती धाकटी. नवऱ्याकडे न बघता तिने समोरचे कप गोळा केले. मग मास्तरीणबाईंनी अंड्यांचं भांडं घेतलं. दादांनी पावाची परात छातीशी धरली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. वहिनींनी टेबलक्लॉथ एका टोकाला धरला आणि ओढून घेतला.

खाली सासऱ्यांचं लाकूड होतं, हातांनी आणि कोपरांनी घासून काळंभोर झालेलं. वहिनींनी कडेच्या खाचांवर तळवा ठेवला. त्या खाचा त्यांना पाठ होत्या, पण पाहुण्यांसमोर त्यांच्याबद्दल बोलायचं कधी मनात आलं नव्हतं. त्यात बोलण्यासारखं काय, तो तर रोजचाच मामला.

"खिडकीतून दिसते ना, ती भिंत एका पावसाळ्यात ढासळली होती," त्या सांगू लागल्या. "ती पुन्हा उभी करायला पाथरवट आले. त्यांना कुणी जागा देईना, दगडफोडे, धुळीने माखलेले. माझ्या सासऱ्यांनी दिली. भिंत पुरी होईपर्यंत, काही वर्षं, ती सगळी माणसं या घरात राहिली. त्यांना एका वेळी बसता यावं म्हणून हे टेबल एवढं लांब आहे. जाताना प्रत्येकाने आपली खूण कडेवर कोरली. हा चंद्र. हे पाखराचं पाऊल. हा मासा."

जजसाहेबांच्या पत्नी खुर्चीवरून उठल्या आणि वाकून बघू लागल्या. त्यांनी माशावरून बोट फिरवलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"काल भिंतीवर मी तुम्हाला काय दाखवलं होतं?"

"काय दाखवलं होतं?"

"दगडावर मासा आहे म्हटलं. तुम्ही म्हणालात, शेवाळ असेल."

जजसाहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि चांगले गुडघे टेकून ते टेबलाच्या कडेशी बसले. कंपनीच्या बाईही लोण्याची सुरी खाली ठेवून आल्या. त्यांना पाखराचं पाऊल आठवत होतं, त्याच भिंतीतल्या दरवाजाच्या डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. दर खेपेला त्या ते बघत आल्या होत्या आणि त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

"ती माणसं आपला दगड बसवला की त्यावर खूण करायची," भिंतीशी उभे असलेले दादा म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण दादा बोलले होते. आणि ते थांबलेही नाहीत. "मी लहान होतो. माशाची खूण करणारा मला खांद्यावर बसवून वर न्यायचा. इथली खूण मात्र निघायच्या दिवशीच कोरायची. त्या सकाळी, खाऊन झालं की. त्याआधी कुणी छिन्नी काढली तर बाबा हातातून काढून घ्यायचे. म्हणायचे, अजून तू इथलाच आहेस."

मग बाईंनी विचारलं, "आणि मी झोपले ती खोली कुणाची?"

"पाहुण्यांची," वहिनी म्हणाल्या.

"हिची," दादा म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून. किल्ला तिथूनच चांगला दिसतो म्हणून हिने ती लोकांना दिली. आम्ही दुधाच्या खोलीमागे झोपतो. दारावर कुणाचं नाव लावायचंच असेल, तर हिचं लावा."

इतक्या वर्षांत दादांनी चार माणसांत वहिनींबद्दल कधी काही म्हटलं नव्हतं. वहिनींना कुठे बघावं कळेना. त्यांनी दादांच्या हातातली परात घेतली, मधोमध टेबलावर ठेवली, आणि पाव गार होतोय म्हणून सगळ्यांना बसवलं. पण त्यांची मान ताठ होती आणि ती दिवसभर तशीच राहिली.

निघताना बाई फाटकाशी थांबल्या. "या वाटेवर राणी जिथे जिथे झोपली, ती सगळी घरं मी पाहिली आहेत," त्या म्हणाल्या. "त्या एका रात्रीत बिचारी फार दमली असेल." मग हसू आवरून त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांना स्वतःला हे टेबल हवं होतं, पण ऑफिसला राणी हवी होती. त्या बोलून बघणार होत्या. कबूल मात्र काहीच करत नव्हत्या. जजसाहेबांनी पुढच्या मोसमात पुन्हा येऊ असं सांगितलं आणि त्यांच्या पत्नीने पावाचा एक तुकडा रुमालात बांधून नेला.

गाडी वळणाआड गेल्यावर घरात सगळे आपापल्या कामाला लागले. मास्तरीणबाई धाकटीला म्हणाल्या, की काही म्हण, सगळ्यांत चांगली गोष्ट तुझ्या अंगाईचीच होती. धाकटी म्हणाली, साठीची राणी पायी येते हेही काही वाईट नव्हतं, ताई. कालपर्यंत एकमेकींशी धड न बोलणाऱ्या दोघी मागच्या दारी हसत भांडी विसळत होत्या. वहिनी स्वयंपाकघरात आल्या तेव्हा भाऊजी एकटेच होते. टेबलाच्या कडेशी ते उकिडवे बसले होते, हातात वडिलांची छिन्नी आणि हातोडी.

"काय करताय?"

"माझीही एक खूण करतोय." ते हसले, पण हसू काही जमलं नाही. "कंपनी येत नाही, वहिनी. तुम्हालाही कळतंय. तुमच्यावर राग नाही माझा. खरं तर तुम्ही कापड ओढलंत तेव्हा मला एकदम बाबा आठवले. पण तिकडे शब्द दिलाय, आणि इथे दोन-चार पाहुण्यांवर दोन संसार कसे चालायचे?"

वहिनींनी ओल्या हातांना फडक्याचा कोपरा लावला. थांबा म्हणायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. वर्षभर ते तसंच जिभेवर होतं. पण विनवण्या करून माणूस ठेवायचा, ही या घराची रीत नव्हती.

"खूण निघायच्या सकाळी कोरतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता निघताय का?"

भाऊजींनी छिन्नी हातात फिरवली.

"निघत असाल तर कोरा. मी पाव बांधून देते. नसाल निघत, तर छिन्नी जागेवर ठेवा."

"आणि कंपनी नाही आली तर?"

"जे येतील ते बसतील. कधी आपणच बसू. टेबल लांब आहे."

भाऊजींनी छिन्नीचं टोक लाकडावर टेकवलं, माशाच्या शेजारी. हातोडी उचलली. बराच वेळ ती तशीच हवेत राहिली. मग त्यांनी दोन्ही खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि व्हरांड्यात गेले.

ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मग कडी वाजली, लोखंड फरशीवर घासलं, आणि फाटकाकडे जायच्या ऐवजी आवाज जिन्याशी आला. एक पायरी, मग दुसरी. ट्रंक वर चालली होती. मुली मागून ढकलत होत्या आणि भाऊजी त्यांच्यावर ओरडत होते.

"वर जाताय तर ती पाटी तेवढी काढून आणा," वहिनींनी खालून हाक दिली. त्यांचा आवाज जरा चढाच लागला.

मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि टेबलाची कड पुसायला सुरुवात केली. चंद्रावरून, पाखराच्या पावलावरून, माशावरून त्या सावकाश पुढे गेल्या. सासऱ्यांची खूण त्यात नव्हती, दादांची नव्हती, त्यांची स्वतःची नव्हती. माशाशेजारी छिन्नीच्या टोकाचा एक बारीक टोचा तेवढा उमटला होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवून पाहिला, हातांनी घासून बुजेल इतका तो बारीक आहे अशी खात्री करून घेतली, आणि फडकं पिळायला मोरीकडे गेल्या.